चकाकी ग्लेझची, ओरखडे जिथल्या तिथे

गाडी काळी. बिलावर 'तीन टप्प्यांचं पेंट करेक्शन आणि सिरॅमिक कोटिंग', म्हणजे मशीनने घासून रंगावरचे ओरखडे काढणं आणि वर संरक्षक थर चढवणं. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत मिळाली आणि ट्यूबलाइटखाली आरशासारखी दिसत होती. चौथ्यांदा धुतल्यावर भर उन्हात पाहिलं, तर बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तेच जुने गोल ओरखडे.

ओरखडे काढलेच नव्हते, ग्लेझने बुजवले होते. ग्लेझमधलं तेल आणि फिलर ओरखड्याच्या खाचेत बसतं, प्रकाश विखुरत नाही आणि पेंट गुळगुळीत भासतो. शाम्पूने ते थोडं थोडं निघून जातं.

संशय यायला वेळेचा हिशेब पुरे होता. धुणं, लोखंडी कण काढणारं रसायन, क्ले (चिकटलेली घाण ओढून घेणारी माती), रबर आणि कडांवर मास्किंग टेप, मग सुमारे ५० सेंटिमीटरच्या चौकोनात मशीनचे चार-सहा आडवे-उभे हात. हे आधी कंपाऊंडने (जास्त घासणारी पेस्ट), नंतर पॉलिशने, शेवटी फिनिशिंग पॅडने, आणि मध्ये मध्ये पॅड साफ करणं. पूर्ण गाडीला दोन-तीन दिवस सहज लागतात. शिवाय खरं कोटिंग लावल्यावर साधारण १२ ते २४ तास पाणी लागू द्यायचं नसतं. ही गाडी त्याच संध्याकाळी धुऊन, पाण्याचे थेंब कसे घरंगळतात ते दाखवून दिली होती! थेंब साध्या मेणावरही तसेच घरंगळतात. कोटिंगच्या जाहिरातीतला '९ एच' हा आकडाही पेन्सिलने ओरखडून कडकपणा बघण्याच्या चाचणीतला. एक-दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) थर गोट्याचा ओरखडा अडवत नाही.

ताबा घेण्याआधी करायची तपासणी पाच मिनिटांची. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळा. कोटिंग चढण्याआधी, पॉलिश संपल्यावर, वीतभर जागेवर फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरने न दाबता पुसा. अंधारात एकाच बल्बचा टॉर्च तिरका धरून पुसलेली आणि न पुसलेली जागा शेजारी-शेजारी बघा. पुसलेल्या जागी ओरखडे उघडे पडले तर काम झालेलं नाही. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर मात्र हा प्रयोग करू नका, ताजा रंग मऊ असतो. पुसू देत नसतील तर पैसे थांबवा.

याहून मोठं नुकसान गेजने रंगाची जाडी मापल्यावर कळलं. छत ११८ मायक्रॉन, दरवाजे ११२ ते ११५, बॉनेटचा मधला भाग ८४. तिथे खोल ओरखड्यांवर हाताने पाणी-कागद (ओला पॉलिशपेपर) मारून वर रोटरी म्हणजे गोल फिरणाऱ्या मशीनला लोकरी पॅड लावला होता. त्याची ढगाळ वर्तुळंही ग्लेझखाली दडवलेली. कारखान्याच्या रंगात क्लिअर कोट (सर्वात वरचा पारदर्शक थर) बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, त्यातले तीसेक गेले असावेत. कामाआधीचं माप कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून भांडायला पुरावाही नाही. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पॅनलवर पाच-सहा ठिकाणी माप घ्यायला लावा, गेजच्या आकड्यासकट फोटो काढून ठेवा.

त्या बॉनेटवर आता कंपाऊंड चालवणं धोक्याचं. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने ढगाळपणा जाईल, खोल ओरखडे राहतील. ते नको असतील तर पॅनल पुन्हा रंगवणं एवढाच मार्ग उरतो.