मारवा, सिंधुभैरवी, पूरबी कल्याण: रोज लावल्यावर काय टिकतं

बरेच महिने त्याच त्या चार-पाच रेकॉर्डी आलटूनपालटून लावल्यानंतरचं हे मत. साधनं दोन: एक बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल, आणि बाहेर असताना फोनला तारेचा हेडफोन. निकाल आधीच सांगून टाकतो. सगळ्यात टिकली ती उस्ताद अमीर खाँची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी. सगळ्यात लवकर मनातून उतरली ती ‘कॉल ऑफ द व्हॅली’. इंदूरचा माणूस इंदूरच्याच अमीर खाँना झुकतं माप देणारच, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

मारव्यात पंचम नाही, आणि मूळ सूर असलेल्या षड्जावर गायक मुद्दामच टेकत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्या आसपास घोटाळत राहतो, षड्ज लांबवत राहतो. तो षड्ज तेवढा वेळ तंबोऱ्यात असतो. म्हणून या रेकॉर्डमध्ये तंबोरा नीट ऐकू आला नाही तर मारव्यातला ताणच निघून जातो. थोड्या वेळाने कान धैवतालाच षड्ज मानायला लागतो. फोनच्या स्पीकरवर नेमकं हेच होतं. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार 69 हर्ट्झला बोलते, आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. उरते जवारीची, म्हणजे तारा घोडीवर घासून येणारी, झिणझिण. ती रीमास्टर करणारे, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण साफ करून पुन्हा काढणारे, घालवतात. खरखर काढायला लावलेल्या नॉइज रिडक्शनला जवारी आणि सुईची सरसर यांतला फरक कळत नाही; दोन्ही वरच्या पट्टीत, दोन्ही अखंड चालू. त्यामुळे या गायनाच्या दोन प्रती समोर असतील तर गाणं सुरू व्हायच्या आतले पहिले काही सेकंद ऐका. जवारी बोथट वाटली तर ती प्रत सोडा आणि थोडी खरखरणारी घ्या. ‘गुरुबिन ज्ञान न पावे’ या द्रुत बंदिशीपर्यंत पोचेतो खरखर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

अ‍ॅपवर ऐकणाऱ्यांनी तीन गोष्टी एकदाच बघून घ्याव्यात. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यावर चढवणं) शून्यावर ठेवा, नाहीतर आलापाच्या शेवटच्या सुरावर तबल्यासोबतच्या गतीची उठावण येऊन आदळते. गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू ठेवा. आणि आवाज सारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद. ते काही ठिकाणी एकेका ट्रॅकचा हिशेब वेगळा करतं, मग मुद्दाम हळू आवाजात वाजवलेला आलाप ‘झाला’ या शेवटच्या द्रुत भागाएवढा मोठा होऊन बसतो. अ‍ॅपमधला आवाजाचा दर्जा 320 केबीपीएस असेल तर तक्रारीला जागा नाही. 128 च्या खाली गेलात तर पहिला बळी पुन्हा जवारीचाच.

सरोदवादक अली अकबर खाँची 1955 ची एंजेल कंपनीची एलपी दुसरी. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन सुरुवातीला बोलून ओळख करून देतात, तबल्यावर चतुरलाल, एका बाजूला सिंधुभैरवी, दुसऱ्या बाजूला पिलू. ओळखीचा भाग पुढे पुढे सुई उचलून टाळला जातो, ते साहजिकच आहे. सरोद मात्र अजून जुना झालेला नाही.

पण एलपीवर वाद्यसंगीत ऐकताना एक अडचण पाठ सोडत नाही. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगात बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाच सरकते. लेबलजवळ जेमतेम 21 सेंटीमीटर. आपल्याकडे आलाप आधी आणि झाला शेवटी, म्हणजे सगळ्यात दाट, टोकदार आवाज सगळ्यात कमी जागेत कोरलेला. चिकारीच्या (लयीसाठी छेडायच्या बाजूच्या) तारा तिथे फाटक्या वाजतात आणि लोक रेकॉर्डला दोष देतात. आधी कार्ट्रिजचा, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचा, कोन प्रोट्रॅक्टरवर (त्यासाठीच्या खुणांच्या पट्टीवर) तपासा. मग सुईचा भार. कार्ट्रिजच्या कागदावर जो असेल तोच, बहुतेकदा दोन ग्रॅमच्या आसपास, आणि छोट्या डिजिटल काट्यावर मोजलेला. ‘रेकॉर्ड झिजू नये’ म्हणून भार कमी ठेवणं उलटं पडतं: हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाचेची भिंत खरवडते. गोल टोकाची सुई असेल तर लंबगोल टोकाची बसवा. फरक नेमका त्या शेवटच्या तीन-चार मिनिटांत कळतो.

वेगही तपासावा. सहा टक्के वेग वाढला की काळी एकचं गाणं पांढरी दोनला जातं, आणि जुन्या बेल्टवर एखाद-दोन टक्के कधी सरकले ते कळत नाही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर 33⅓ साठी 180 रेघांची स्ट्रोब चकती लागते; लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. चांगला एलईडी दिवा लुकलुकत नाही, त्याखाली रेघा दिसतच नाहीत. निऑनचा इंडिकेटर किंवा जुनी ट्यूबलाइट वापरा. जुन्या घरांत अर्थिंग नसतं, तिथे टर्नटेबलची अर्थची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली नाही तर खाली सतत घुमणारा हम येतो आणि तंबोऱ्याचा खर्ज त्यात बुडतो.

सतारवादक निखिल बॅनर्जींचा पूरबी कल्याण ही 1982 ची अमेरिकेतल्या बर्कलीची मैफल, तबल्याला स्वपन चौधुरी. सीडीवर किंवा फाइलवरच ऐका, एलपीच्या बाजू उलटत बसण्याचं हे काम नाही. मारव्यानंतर लगेच लावून बघा. तोच कोमल रिषभ, तोच तीव्र मध्यम, पण इथे पंचम आहे, आणि तो पहिल्यांदा येतो तेव्हा काय सैलावतं ते शब्दांत सांगायची गरज उरत नाही. मैफिलीतला खोकला-बिकला आहे, चालायचंच.

आता ‘कॉल ऑफ द व्हॅली’. 1967, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. नव्या माणसाला पहिली द्यायला हिच्याइतकी चांगली रेकॉर्ड नाही. पण राग थोडक्यात आटोपतात. अहिरभैरव उमलतोय म्हणेपर्यंत सुई पुढे गेलेली असते. काम करताना मागे लावायला उत्तम. समोर बसून ऐकायला, काही महिन्यांनी, पुरत नाही. त्यापेक्षा आपल्या माळव्यातल्या जावऱ्याचे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ ऐका. डाव्या हाताचं ते बारीक काम हेडफोनशिवाय निम्मं निसटतं.

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांतून एलपी निघाल्या तर आधी कव्हर हुंगा. पावसाळ्यातल्या दमटपणाने बुरशी धरलेली असते. आतली कागदी पिशवी फेकून द्या, रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटरने मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा आणि उभी वाळवा. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत आडव्या थप्पीत ठेवल्या तर वाकतात. त्याच ढिगात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी निघाल्या तर त्यांना स्पिरिट लावू नका. त्या लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. एलपीची सुईही त्यांना चालत नाही, खाच तिपटीच्या आसपास रुंद असते. 78 साठीची सुई वेगळी मिळते, ती आधी घ्या.