गाभण गाईला 'कॅल्शिअम'ची भुकटी: आम्ही कसे फसलो

पाकिटावर गाईचं चित्र होतं आणि मोठ्या अक्षरांत 'बसणाऱ्या गाईंसाठी' असं लिहिलं होतं. घटक लिहिलेले नव्हते, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, बॅच नंबरही नव्हता. तरी मी ते घेतलं, कारण विकणारा जे बोलत होता ते पटण्यासारखं होतं.

आमची तांबडी गाय चौथ्या वेताला व्याल्यावर बसली होती, म्हणजे तिला उठताच येत नव्हतं. शिरेतून कॅल्शिअम द्यावं लागलं, तेव्हा उठली. पाचव्या वेताला पुन्हा तसंच होईल या धास्तीत मी होतो, आणि ही धास्ती मीच त्या माणसाजवळ बोलून दाखवली. तो म्हणाला, "दादा, कॅल्शिअम कमी पडतं म्हणूनच गाय बसते ना? मग आधीपासून भरून ठेवू." गाय आटवल्यापासून, म्हणजे तिचं दूध काढणं थांबवल्यापासून, व्याण्यापर्यंत रोज दोन मुठी भुकटी आंबोणातून द्यायची. सोबत वासरासाठी वेगळं पाकीट, 'चिकाची पावडर'. चिकातून गाईचं कॅल्शिअम जातं, म्हणून पहिला दिवस चीक काढूच नका, वासराला हीच पावडर कोमट पाण्यात कालवून पाजा, असं त्याने बजावलं.

यातली अर्धी अर्धी वाक्यं खरी आहेत. म्हणूनच मी फसलो.

तांबडी पहाटे व्याली. वासरू धडधाकट होतं, वजन ३५ किलोच्या आसपास. दुपारी गाय मागच्या पायांवर डुलायला लागली. कान गार, रवंथ बंद, शेण नाही. मी त्या माणसाला फोन केला. "पावडर अंगात मुरतेय, रात्रीत उभी राहील. डॉक्टरला बोलावून सगळं वाया घालवू नका," असं म्हणाला. संध्याकाळी ती बसली. मध्यरात्री मान कुशीकडे वळवून पडली, हाक मारली तरी डोळा हलेना. तेव्हा मी डॉक्टरांना उठवलं. दुपार ते मध्यरात्र एवढा वेळ मी त्या फोनवर विश्वास ठेवून घालवला, आणि हे मला अजूनही सहन होत नाही.

डॉक्टरांनी आधी रक्ताचा नमुना घेतला, मग हृदयाचे ठोके ऐकत ऐकत कॅल्शिअमची बाटली शिरेतून अगदी हळू सोडली. घाईने सोडली तर हृदय बंद पडू शकतं. थोड्या वेळाने तिच्या अंगावर थरथर आली, ढेकर आली, शेण पडलं. उजाडायच्या आत ती उभी राहिली. नमुन्यात कॅल्शिअम निघालं दर १०० मिलिलिटरला ४.८ मिलिग्रॅम. ते साधारण ८.५ ते १० असायला हवं. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात, पण यात अंग तापत नाही, उलट गार पडतं. नावावरून ताप शोधत बसलं तर वेळ हातचा जातो.

मग त्यांनी मला समजावलं. मोठ्या गाईच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी कॅल्शिअम असतं ३ ग्रॅमच्या आसपास. दहा लिटर चिकात जातं २० ग्रॅमच्या वर. ही तूट भरून निघते हाडांतून आणि आतड्यातून, आणि त्यासाठी मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीने हुकूम द्यावा लागतो. भाकड काळात, म्हणजे आटवल्यापासून व्याण्यापर्यंत, खाण्यातून कॅल्शिअम भरपूर येत राहिलं, तर ती ग्रंथी गप्प बसते. व्याण्याच्या दिवशी अचानक गरज पडते, आणि यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस लागतात. गाय तेवढ्यातच कोसळते. म्हणजे मी जे दोन महिने भरत होतो, त्यानेच तिची राखण ढिली झाली. डॉक्टर प्रामाणिकपणे हेही बोलले की पाचवं वेत आणि आधी बसलेली गाय, धोका तसाही होताच. पण भुकटीने तो वाढवला.

उरलेल्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं तर ती फसफसून आली. डॉक्टरांच्या मते ती चुनखडीची पूड होती, म्हणजे कॅल्शिअमच.

वासराचं दुःख याहून मोठं आहे. गाई-म्हशींची, शेळ्या-मेंढ्यांची वार, म्हणजे पोटातल्या पिल्लाला आईशी जोडणारा भाग, अशी असते की आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं पोटातल्या पिल्लाला मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, आणि जन्मानंतर २४ तासांत आतड्याची ती वाट बंद होते. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे आमच्या वासराला साडेतीन लिटर चीक पहिल्या दोन तासांत पोटात जायला हवा होता. गेली ती पावडर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या रक्तातलं प्रथिन पाहिलं, दर १०० मिलिलिटरला ४.४ ग्रॅम भरलं, निदान ५.२ तरी हवं असतं. पाचव्या दिवशी हगवण लागली, सातव्या दिवशी वासरू गेलं. जन्मला त्या दिवशी आईच्या कासेत चीक भरलेला असूनही गेलं.

त्या माणसाला जाब विचारला तर म्हणाला, तुम्ही माप चुकवलं असेल. नंतर फोन लागेनासा झाला.

कुणी गाभण जनावरासाठी कॅल्शिअम घेऊन आलं, तर आधी एवढंच विचारा: हे व्याण्याआधीचं की व्याल्यानंतरचं? व्याल्याबरोबर, गाय उभी आणि नीट गिळत असताना, तोंडाने दिलेलं कॅल्शिअम उपयोगी पडतं. आधीच्या तीन आठवड्यांचा खुराक मात्र वेगळा असतो, त्यात मॅग्नेशिअमकडेही बघावं लागतं, आणि तो डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. पडलेल्या गाईच्या तोंडात बाटली ओतू नका, औषध फुफ्फुसात जातं. आणि जो कुणी डॉक्टरला बोलावू नका म्हणतो, त्याला दावणीपासूनच परत पाठवा.

तांबडी पुन्हा गाभण आहे, आठवा महिना सरत आलाय. दुसऱ्या एका निरोगी गाईचा पहिल्या धारेचा चीक मी बाटल्यांत भरून गोठवून ठेवलाय. ते रिकामं पाकीटही जपून ठेवलंय. असंच पाकीट तुमच्याकडे आलं असेल तर फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.