टॅपिओका स्टार्च : गहू बंद असलेल्या घरात घ्यावं की नाही? नागपुरातून सविस्तर रिव्ह्यू

घ्या, बिनधास्त घ्या, फक्त कणकेच्या जागी पूर्ण हेच वापरायचं असा विचार करून घेऊ नका. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारून राहिल्या म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आमच्या लेकीला सीलिॲक आहे, गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन आतड्याला सोसत नाही असा आजार, म्हणजे गहू, मैदा, रवा, शेवया, जव सगळं कायमचं बंद, आणि यात "सणाला एखादी पुरणपोळी चालते" असं काही नसतं, थोडं पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. तेव्हापासून हे पांढरं पीठ आमच्या ओट्यावर असतंच.

पहिले नेमकं काय मागायचं ते सांगते, कारण सगळा घोळ इथंच होतो. कसावा नावाच्या झाडाचा कंद असतो, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, केरळात त्याला कप्पा म्हणतात आणि मासोळीच्या रश्श्यासोबत खातात, तिथं त्याची लागवड वाढवण्याचं श्रेय त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांना देतात, ते १८८० ते १८८५ गादीवर होते. हा कंद किसून, धुऊन, गाळून जो चीक खाली बसतो, आपण कुरड्यांसाठी गव्हाचा काढतो अगदी तसाच, तो वाळवला की झालं टॅपिओका स्टार्च. पाकिटावर कुठं टॅपिओका फ्लोअर लिहिलेलं असतं कुठं टॅपिओका स्टार्च, बहुतेक वेळा वस्तू एकच असते. पण कसावा फ्लोअर लिहिलं असेल तं ते वेगळं, तो अख्खा कंद सोलून वाळवून दळलेला असतो, त्यात तंतू असतात, पाणी जास्त पितं, एकाच्या जागी दुसरं टाकू नका.

आणि साबुदाण्याचं पीठ? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. साबुदाणा याच स्टार्चचा, तामिळनाडूत सेलमच्या पट्ट्यात होतो, पण दाणे करताना ओला स्टार्च गरम तव्यावर भाजतात नाही तं वाफवतात, म्हणजे तो अर्धा शिजलेलाच असतो. म्हणून घरी मिक्सरमधून काढलेलं साबुदाण्याचं पीठ थंड पाण्यातही फुगतं आणि कितीही बारीक करा, केकमध्ये कणी लागते. थालीपिठाला ते छान, उपासाच्या भाजणीत छान, पण इथं खाली जे लिहून राहिली आहे त्यात नाही चालत. ओळखायचं कसं तं चमचाभर थंड पाण्यात टाकून बघा. स्टार्च दुधासारखं मिसळतं आणि थोड्या वेळानं तळाशी घट्ट बसतं, साबुदाण्याचं पीठ पाणी ओढून फुगतं. बोटात चोळलं तं स्टार्च करकर वाजतं, वास काहीच येत नाही.

आता नागपुरात मिळतं कुठं. इतवारीत किराणा ओळीत विचारलं तं सुटं मिळू शकतं, पण दुकानदार आरारोट किंवा कॉर्नफ्लोअर पुढे करतात आणि "एकच आहे ताई" म्हणतात, एकच नाही आहे ते. अजून एक, याच स्टार्चची कपड्याला खळ पण करतात, त्यामुळे खाण्याचं आहे का हे स्पष्ट विचारून घ्या. पण खरं सांगू का, सीलिॲकवाल्या घरानं सुटं घेऊच नये असं माझं पक्कं मत आहे. एका दुकानात मी डोळ्यांनी बघितलं, मैद्याच्या पोत्यातलं माप तसंच उचलून स्टार्चच्या पोत्यात घातलं. ज्याला फक्त सूप घट्ट करायचं त्याला काही फरक पडत नाही, आमच्या लेकीला पडतो. धरमपेठ, गोकुळपेठकडच्या मोठ्या दुकानांत आणि बेकिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडे पॅकबंद विचारा, ऑनलाइन अर्बन प्लॅटरचं मिळतं, बॉब्स रेड मिलचं पण असतं पण ते बाहेरून येणारं म्हणून महाग पडतं आणि चवीत काही जास्तीचं देत नाही, कारण स्टार्चला चवच नसते. पैसे ब्रँडच्या नावासाठी देऊ नका, लेबलसाठी द्या. ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाहिजे, आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानं तसं लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

आता खरा विषय, पोळी.

ज्वारीची भाकर आपल्याकडे घरोघरी होते आणि त्यात ग्लूटेन नाहीच, त्यामुळे जेवणाचा प्रश्न अर्धा तिथंच सुटतो. पण शाळेच्या डब्यात भाकर दुपारपर्यंत कडक होते, गुंडाळता येत नाही, भाजी भरून रोल करता येत नाही, आणि लेकराला बाकीच्यांसारखं काहीतरी पाहिजे असतं, त्यात चूक काय आहे. तिथं हे स्टार्च कामाला येतं. तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी टॅपिओका, मीठ, चमचाभर तूप, आणि पाणी चांगलं खळखळ उकळलेलं. उकड काढल्यासारखं गरम पाण्यातच कालवायचं, झाकून ठेवायचं, हाताला सोसवेल इतकं झालं की भरपूर मळायचं. गरम पाणी का, तं स्टार्च साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान फुगून चिकट होतं, आणि तोच चिकटपणा ग्लूटेनच्या जागी पीठ धरून ठेवतो. थंड पाण्यानं मळलं तं ते नुसतं पांढरं पीठ राहतं, पोळी लाटताना कडेला फाटते. यातच थोडा भिजवलेला इसबगोल टाकला, म्हणजे वाटीभर पिठाला एक छोटा चमचा, तं पोळी अजून लवचिक होते आणि पोटालाही बरं. नुसतं टॅपिओका वाढवून लवचिकपणा येईल असं वाटतं पण नाही येत, एक तृतीयांशाच्या वर गेलं की पोळी रबरासारखी ओढते आणि दाताला चिकटते. थंड झाल्यावर थोडी ताठरते, तव्यावर परत गरम केली की मऊ. डब्यात देताना गरमच तूप लावून कापडात गुंडाळून द्या.

ज्वारी गिरणीवर नेत असाल तं आधीचं गव्हाचं दळण त्याच जात्यातून गेलेलं असतं हे लक्षात ठेवा. आमच्याकडे घरघंटी आहे आणि तिच्यात गहू कधी टाकत नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पॅकबंद ग्लूटेन-फ्री ज्वारीचं पीठ घ्यावं, नाही तं महागाचं स्टार्च आणून उपयोग काय.

दुसरी जागा म्हणजे सांबारवडी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत सांबार स्वस्त झाला की नागपुरात कोणाच्या घरी होत नाही सांगा. वरच्या पारीत बेसनासोबत कणीक नाही तं मैदा असतो म्हणून आमच्याकडे ती बंदच झाली होती. आता दोन वाट्या बेसन, एक वाटी टॅपिओका, ओवा, तिखट, हळद, कडकडीत तेलाचं मोहन आणि गरम पाणी, घट्ट मळून पारी प्लास्टिकच्या कागदावर लाटायची. आत नेहमीचंच, सांबार, सुकं खोबरं, खसखस, चारोळी, गोडा मसाला. तळल्यावर वरचं कवच इतकं खुसखुशीत होतं की आमच्या सासूबाई आता सगळ्यांसाठीच या पिठाची करतात, वेगळी कढई ठेवायची गरज राहिली नाही. कणकेइतकं सफाईनं वळत नाही हे मात्र खरं, कडेला पाण्याचं बोट लावून दाबावं लागतं. एक महत्त्वाचं, हिंग! डबीवरचं लेबल वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ नाही तं मैदा मिसळलेला असतो. सगळं सांभाळून शेवटी फोडणीत गहू जातो आणि आपल्याला समजतही नाही.

रश्श्याबद्दल थोडक्यात. सावजी रश्श्याला याची काहीच गरज नाही, त्याचा दाटपणा खोबरं, खसखस, भाजलेल्या मसाल्याचा असतो, तिथं स्टार्च घालणं म्हणजे चवीवर पाणी टाकणं. पण टोमॅटो सूप, मांचुरियन, फळांचा सॉस यात कॉर्नफ्लोअरपेक्षा मला हे जास्त आवडतं, कारण चकचकीत पारदर्शक होतं आणि कच्चट पिठाळ चव येत नाही. थंड पाण्यात कालवून अगदी शेवटी टाकायचं, एक उकळी आली की बंद. जास्त वेळ उकळत ठेवलं किंवा भेदरं (टमाटे), चिंच, लिंबू असं आंबट खूप असलं की दाटपणा तुटतो आणि परत पातळ होतं. फ्रीजरमध्ये ठेवून परत काढलं तरी कॉर्नफ्लोअरसारखं पाणी सुटत नाही, हा पण फायदा.

केक. आमच्या घरी संत्र्याचा केक होतो, नागपुरात राहून दुसरा कोणता करणार. दोन भाग तांदळाचं पीठ, एक भाग ज्वारी, एक भाग टॅपिओका, म्हणजे टॅपिओका पाव हिस्सा. नुसतं तांदळाचं केलं तं केक भुरभुरीत होतो, नुसतं टॅपिओका तं मधून ओलसर चिकट गोळा, या मापात तो बरोबर उभा राहतो. अंडी चालत असतील तं दोन टाका, नसतील तं घट्ट दही आणि इसबगोल. संत्र्याची किसलेली साल घाला, रसापेक्षा वास सालीतच असतो. आणि ओव्हनमधून निघाल्या निघाल्या कापू नका, पूर्ण थंड होऊ द्या. स्टार्च थंड होताना आतून घट्ट बसतं, गरम कापला तं सुरीला लगदा लागतो आणि बाई म्हणते केक कच्चा राहिला, कच्चा नसतो तो.

पूर्ण टॅपिओकाचाच असा एकच पदार्थ मला सापडला आणि तो आता लेकीच्या वाढदिवसाला ठरलेला असतो. ब्राझीलमध्ये चीजचे छोटे गोल पाव करतात, पाँव जी केझो, त्यात मुळातच गहू नाही. २५० ग्रॅम स्टार्च, अर्धा कप दूध आणि पाव कप तेल मीठ घालून उकळायचं आणि स्टार्चवर ओतायचं, आधी ते विचित्र चिकट गोळा होतं, घाबरू नका, कोमट झाल्यावर दोन अंडी आणि किसलेलं चीज मळायचं, तेलाच्या हातानं गोळ्या करून २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं. बाहेरून कडक, आतून पोकळ आणि ओढाळ. ज्या लेकरांना गहू चालतो ती पोट्टी पण पहिले हेच संपवतात, आणि आमच्या लेकीला "तुझं वेगळं" असं ताट त्या दिवशी नसतं. माझ्यासाठी या पाकिटाची सगळी किंमत इथं वसूल होते. गरमच खायचे मात्र, थंड झाले की चिवट.

आता पाचातला एक तारा का कापून राहिली आहे ते. पोषण म्हणाल तं यात जवळपास नाहीच, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी आणि त्या सगळ्या पिष्टाच्या, प्रोटीन नाही, तंतू नाही. बाजारातले बरेच ग्लूटेन-फ्री बिस्किटं, ब्रेड याच्यावर आणि तांदळावरच उभे असतात, आणि आई समाधानानं देत राहते. वाढत्या लेकराला ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, डाळी हेच रोजचं पाहिजे, टॅपिओका त्यांना बांधायला. घरात शुगरवाले असतील तं त्यांनी अजून जपून. आणि पोट बिघडतं म्हणून स्वतःच गहू बंद करून बसलेल्यांना हात जोडून सांगते, आधी डॉक्टरकडे जाऊन रक्ताची तपासणी करा, कारण गहू सोडल्यावर तपासणीत ते नीट दिसत नाही.

साठवणीचं सोपं आहे. पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवा, ओल लागली की गाठी होतात, चाळून घेतलं तं चालतं पण वास आला तं टाकून द्या. आपल्या मे महिन्यात उलटं, ४५ अंशांत मळलेलं पीठ बघता बघता वरून सुकतं, ओलं कापड झाकूनच लाटायला बसा.

५ पैकी ४. इतवारीत किंवा महालात कोणाला पॅकबंद, ग्लूटेन-फ्री लिहिलेलं अर्धा किलोचं पाकीट मिळत असेल तं भाव आणि गल्ली नक्की सांगा, दर वेळी ऑनलाइनची वाट बघावी लागते आणि नेमकं वाढदिवसाच्या आठवड्यातच डबा रिकामा निघतो.