दहा हजारांचं ‘डेटोना’: घ्यावं की राहू द्यावं?

आखाजी (अक्षय तृतीया) आणि लग्नसराई जवळ आली की जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न हमखास निघतो. रोलेक्स डेटोनासारखं दिसणारं, तीन छोट्या डायलांचं, स्टीलच्या चेनचं घड्याळ दहा हजारांच्या आत-बाहेर मिळतंय, घेऊ का? घ्या, पण दोन अटींवर. डायलवर बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं नाव असलं पाहिजे, आणि आत जपानच्या सिको कंपनीचं व्हीके६३ हे सेलवर चालणारं मशीन असलं पाहिजे. यातली एक जरी अट मोडत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

पहिली अट जळगावकराला समजवायची गरज नाही. बेन्टेक्सची पोत बेन्टेक्स म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही, रोज घालायला बायका आवर्जून घेतात. त्याच पोतीवर हॉलमार्क ठोकून विकली की ती फसवणूक झाली. घड्याळातही तेच आहे. पगानी डिझाइन या चिनी कंपनीच्या पीडी-१६४४ या घड्याळावर ‘पगानी डिझाइन’ असंच लिहिलेलं असतं. रूप उसनं, पण नाव स्वतःचं. याउलट ‘फर्स्ट कॉपी’, ‘सेव्हन ए’ वगैरे नावांनी जे विकलं जातं, त्याच्यावर रोलेक्सचं नाव आणि मुकुट असतो. ते बनावट आहे. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ प्रमाणे असा माल विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. घेणाऱ्याचं नुकसान वेगळंच: आत कुठलं मशीन आहे याचा पत्ता नसतो, बिल नसतं, आणि बिघडल्यावर सुटा भाग मिळत नाही. त्यामुळे तुलनेत ‘फर्स्ट कॉपी’ला जागाच नाही.

आता खरं डेटोना. १९६३ साली हे घड्याळ आलं, नाव अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या मोटार शर्यतींच्या ट्रॅकवरून पडलं. सध्याचं स्टीलचं मॉडेल १२६५००एलएन हे २०२३ चं. केस, म्हणजे घड्याळाची बॉडी, ४० मिलिमीटर, आत ४१३१ हे रोलेक्सचं स्वतःचं ऑटोमॅटिक (सेल नसलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं) मशीन, हातातून काढून ठेवलं तरी ७२ तास चालतं, आणि दिवसाला फरक जास्तीत जास्त २ सेकंद मागे-पुढे. भारतात किंमत पंधरा लाखांच्या आसपास धरा. शिवाय २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. तेवढ्या पैशांत ट्रॅक्टर ट्रॉलीसकट दारात येईल आणि वर पैसे उरतील. बरं, पैसे असले तरी दुकानात गेलात आणि घेऊन आलात असं होत नाही, नाव नोंदवून थांबावं लागतं.

म्हणजे दहा हजार विरुद्ध पंधरा लाख अशी ही निवड कुणाचीच नसते. प्रश्न एवढाच, की त्या रूपासाठी दहा हजार टाकले तर हातात काय पडतं.

दोन्ही शेजारी ठेवली तर

हातभर अंतरावरून फरक कळत नाही. काचेभोवती काळी रिंग, पांढरा डायल, काळ्या कडांचे तीन गोल, दोन बाजूंना दोन बटणं. जवळ घेतलं की पहिली गोष्ट दिसते ती ६ वरच्या छोट्या सेकंदकाट्याची. डेटोनात तो सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो, म्हणून वाहत गेल्यासारखा वाटतो. व्हीके६३ मध्ये तो साध्या सेलच्या घड्याळासारखा टिक, टिक करत सेकंदाला एकदाच उडी मारतो. जाणकार माणूस सगळ्यात आधी तिथेच बघतो.

मग उजवीकडचा, ३ वरचा गोल. डेटोनात तो ३० मिनिटं मोजतो आणि ९ वरचा १२ तास मोजतो. व्हीके६३ मध्ये ९ वरचा गोल ६० मिनिटं मोजतो आणि ३ वरचा काहीच मोजत नाही. तो नुसता २४ तासांचा काटा आहे, मुख्य तासकाट्याला बांधलेला, दुपारी तीनला १५ वर आणि रात्री नऊला २१ वर. अनेक जण घड्याळ घेतल्यावर ‘उजवा काटा बटण दाबूनही चालत नाही’ म्हणून तक्रार करतात. तो बिघाड नाही, मशीनच तसं आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की या घड्याळावर तासाभरापर्यंतचीच मोजणी होते.

आणखी एक घोटाळा नव्या माणसाचा होतो. मधला लांब काटा १२ वर स्थिर उभा असतो आणि वाटतं घड्याळ बंद पडलंय. तो काटा वरचं बटण दाबलं की निघतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की परत १२ वर. आधी थांबवायचं, मगच खालचं बटण.

परत १२ वर येण्याची ही हालचाल हीच व्हीके६३ ची खरी गंमत आहे. साध्या सेलच्या क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे बटण दाबून सेकंद-मिनिटं मोजणाऱ्या घड्याळात, काटा मोटरच्या जोरावर हळूहळू फिरत घरी येतो. व्हीके६३ मध्ये वेळ सेलवर चालते, पण काटा शून्यावर आणायला आत खरोखरचा लोखंडी हातोडा आणि हृदयाच्या आकाराची चकती आहे. बटण दाबलं की टप्पकन एका झटक्यात काटा जागेवर. बोटाला बटणाचा ठसका जाणवतो. धावताना काटा सेकंदाला पाच पावलं टाकतो. डेटोनाच्या जवळ जाणारं या किमतीत काही असेल तर ते एवढंच, आणि ते पुरेसं चांगलं आहे.

याच हातोड्यामुळे एक दुखणंही येतं. कधी कधी काटा १२ वर नेमका न थांबता अर्धं घर बाजूला थांबतो. साध्या क्वार्ट्झ (सेलच्या) क्रोनोग्राफमध्ये चावी बाहेर ओढून बटणं दाबली की काटा सरकवून जागेवर आणता येतो. आपल्याकडचे बरेच घड्याळवाले इथेही तोच उपाय करून बघतात आणि मग ‘मशीन गेलं’ सांगतात. मशीन गेलेलं नसतं. व्हीके६३ मध्ये काटा उपसून पुन्हा बसवावा लागतो, दुसरा मार्ग नाही. नवीन घेतानाच वाकडा दिसला तर दुरुस्तीच्या फंदात न पडता सरळ परत करा.

ऑटोमॅटिक म्हणून फसू नका

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. तसंच रूप, किंमत पाच-आठ हजार, वर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं. सेलवाल्यापेक्षा ऑटोमॅटिक भारी, असं आपल्या डोक्यात एचएमटीच्या जमान्यापासून बसलेलं. पण या किमतीत ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ बनत नाही. त्या तीन गोलांत वार, तारीख आणि २४ तास असतात, आणि बाजूची बटणं दाबली की वार किंवा तारीख पुढे सरकते. म्हणजे ते कॅलेंडरचं घड्याळ आहे, क्रोनोग्राफचा नुसता वेष. ओळख सोपी: मधला लांब सेकंदकाटा सतत फिरत असेल आणि बटण दाबूनही थांबत नसेल तर खाली ठेवा.

चावीचाच क्रोनोग्राफ हवा असा हट्ट असेल तर चीनमधल्या तियानजिनच्या सीगल कंपनीचं एसटी१९ मशीन बघा. स्वित्झर्लंडच्या व्हीनस १७५ या जुन्या मशीनवरून ते आलं आहे, आणि पाठीमागून काचेतून त्याची चक्रं बघायला फार सुंदर दिसतात. मात्र किंमत दुपटी-तिपटीची, रोज चावी द्यायची, आणि ते उघडून नीट जुळवणारा कारीगर खान्देशात शोधावा लागेल. रोजच्या वापराला नको.

काच, रिंग, चेन

काच नीलमण्याची, म्हणजे सफायर, असायला हवी. हिऱ्याखालोखाल कडक असल्यामुळे चाव्या, फरशी, मोटारसायकलचं हँडल यांचे ओरखडे पडत नाहीत. पाण्याचा एक थेंब टाकून बघा: सफायरवर तो फुगीर मण्यासारखा राहतो, साध्या काचेवर पसरतो. ही चाचणी अगदी पक्की नाही, पण दुकानात उभ्या उभ्या तेवढीच करता येते. सँडपेपर घासून बघण्याचा व्हिडिओवाला प्रयोग करू नका, काचेला काही झालं नाही तरी कडेच्या स्टीलचं वाटोळं होतं.

रिंग सिरॅमिकची आहे, असं दोन्हीकडे लिहिलेलं असतं. सिरॅमिक ओरखडत नाही पण तडकतं. शहाबादी फरशीवर कडेने पडलं तर तुकडा उडालाच समजा. रिंगवरचे आकडे बघून घडण कळते. ही रिंग म्हणजे वेगमापक आहे: ३६०० भागिले एका किलोमीटरला लागलेले सेकंद. म्हणून १५ सेकंदांच्या जागी, ३ वर, बरोबर २४० हवेत. ६ वर १२०. ९ वर ८०. १२ वर ६०. हे आकडे जागेपासून सरकलेले दिसले तर रिंग तिरकी बसवली आहे. वापरायचं असेल तर जळगावहून धुळ्याकडे जाताना मागे बसलेल्याने एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडाला थांबवायचं. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर, तोच गाडीचा वेग.

चेनमध्ये मात्र पैसे कुठे वाचवलेत ते लगेच दिसतं. डेटोनाच्या कड्या स्क्रूने जोडलेल्या असतात, इथे बहुधा ठोकून बसवलेल्या दुभंगलेल्या पिना. कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची आणि उलट दिशेने परत घालायची. घाईत कुणी उलटी ठोकली की पिन ढिली होते आणि आठ-पंधरा दिवसांत चेन हातातून सुटते. केसला धरणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्याही पहिल्याच दिवशी बदललेल्या बऱ्या. पट्ट्याची रुंदी पीडी-१६४४ ला २० मिलिमीटर, त्यामुळे कुठलाही साधा पट्टा बसतो. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्याने कापडी किंवा चामडी पट्टा टाळावा. चिकाचा तपकिरी डाग कपड्यावरून जात नाही, तो पट्ट्यावरून काय जाणार!

आपल्या उन्हाचं काय

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. क्वार्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंशांच्या आसपास अचूक चालतो, फार गरम झाला की मागे पडतो. हातात असेल तोवर अंगाच्या उष्णतेमुळे फारसा फरक पडत नाही. व्हीके६३ महिन्याला २० सेकंदांच्या आत-बाहेर राहतं. पण गाडीच्या डॅशबोर्डवर रोज दुपारभर पडून राहिलं तर त्याहून जास्त मागे जाईल. त्यापेक्षा वाईट म्हणजे झाकणाची आणि चावीची रबरी रिंग उन्हात कडक होते.

पाठीवर ‘१०० मीटर’ लिहिलेलं असतं ते नव्या रबरावर. दोन उन्हाळ्यांनंतर त्या भरवशावर विहिरीत उडी मारू नका. काही मॉडेलांत बटणं डेटोनासारखी फिरवून घट्ट होतात, काहींत तो नुसता देखावा; घेताना फिरवून बघा. ओल्या हाताने बटण कधीच दाबायचं नाही. काचेच्या आत धुकं दिसलं तर चावी ओढून तांदळात ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी झाकण उघडून घ्या, नाहीतर आठवड्यात काट्यांना गंज चढतो. जिनिंगमध्ये काम असेल तर कापसाचा तूस कड्यांत अडकतो आणि घामाने तिथेच चिकटतो. चावी घट्ट बंद करून, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश, महिन्यातून एकदा.

सेल एसआर९३६एसडब्ल्यू, यालाच ३९४ नंबर म्हणतात. साधारण ३ वर्षं जातो, पण रोज तासभराच्याच क्रोनो-वापराचा हिशेब धरून. मधला काटा छान दिसतो म्हणून दिवसभर पळवत ठेवला तर लवकर संपेल. सेल बदलताना रबरी रिंगही बदलायला सांगा. उद्या मशीनच गेलं तर व्हीके६३ नवीन टाकता येतं, दोन-तीन हजारांत काम होतं. जळगावच्या फुले मार्केटमधल्या कारागिरालाही ते जमतं. डेटोनाच्या सर्व्हिसला मात्र रोलेक्सच्या अधिकृत केंद्रातच जावं लागतं.

मग याच पैशांत दुसरं काय

टायटन किंवा कॅसिओ एडिफिस. रूप तेवढं देखणं नाही, काच बहुतेकांना साधी मिनरल, टायटनचे बरेच क्रोनोग्राफ ५० मीटरचेच. पण वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का असतो आणि सर्व्हिससाठी घड्याळ परक्या गावी पाठवावं लागत नाही. चिनी घड्याळाचं तसं नाही. अलीएक्सप्रेस या चिनी खरेदीच्या अ‍ॅपवर २०२० च्या नोव्हेंबरात बंदी आली, तेव्हापासून माल मधल्या विक्रेत्यांकडून येतो. म्हणून एकाच मॉडेलचा भाव दुकानागणिक वेगळा. बारा हजारांच्या वर कुणी सांगत असेल तर घेण्यात अर्थ नाही, तिथून पुढे वॉरंटीवाले चांगले पर्याय सुरू होतात. परत विकायला गेलात तर शून्य धरा. सोन्यासारखी मोड इथे मिळत नाही.

स्वतःच्या हातासाठी, रोजच्या वापराला: व्हीके६३ वालं घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, सात दिवसांत क्रोनो वीस-पंचवीस वेळा चालवून-थांबवून बघा, दर वेळी काटा १२ वरच येतोय ना ते तपासा, आणि बिल डबीतच ठेवा.

जावयाला द्यायचं असेल तर नको. मांडवात कुणीतरी हात धरून ‘खरं शे का?’ विचारणारच, आणि उत्तर त्या पोराला द्यावं लागणार. शिवाय तो राहणार शहाद्याला किंवा नवापूरला, तिथे काटा वाकडा झाला तर उपसून बसवणारा कुठे शोधेल? त्याला टायटन द्या, आणि बिल त्याच्याच गावाजवळच्या दुकानाचं घ्या.