40 रुपयांचं 'गुप्त' पेन

महाद्वार रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून नातवासाठी अदृश्य शाईचं पेन आणलं. किंमत 40 रुपये. टोपणात जांभळा दिवा आहे, तो मारला की लिहिलेलं दिसतं. माझी 34 वर्षं पोस्टात टपाल छाटण्यात गेली, त्यामुळं असल्या वस्तूंचं मला जरा जास्तच कौतुक.

शाई पानाच्या पलीकडं फुटत नाही, वासही नाही. एवढंच बरं. टोक मात्र कडक. पोरगं दाबून लिहितंय, आणि पोस्टकार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की अक्षर न् अक्षर दिसतंय, दिवा लागतोय कशाला! 'आजी पुरणपोळीवर तूप कमी घालते' ही गुप्त वार्ता आमच्या हिनं मेथी निवडता निवडता वाचली. दहाव्या दिवशी सेल संपले. दुकानदार म्हणतो, "सेलची गॅरंटी नसते ओ काका." नवे सेल 30 रुपयांना.

खोक्यावर छापलंय, 'खऱ्या हेरांचं पेन'. म्हणून नातवाला खऱ्यांची गोष्ट सांगितली. 1776 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिकडचा हेर नेथन हेल, वय 21, न्यूयॉर्कमध्ये इंग्रजांच्या हाती लागला आणि फासावर गेला. पुढं 1778 मध्ये टॉलमॅज नावाच्या अधिकाऱ्यानं सेनापती वॉशिंग्टनसाठी 'कल्पर' ही हेरांची टोळी उभी केली. शेतकरी, व्यापारी, अशीच माणसं. पत्रात नावांऐवजी आकडे. वॉशिंग्टन म्हणजे 711. त्यांची शाई जेम्स जे नावाच्या डॉक्टरनं केलेली. वरून दुसरं रसायन फिरवल्याशिवाय ती उमटायची नाही, आणि ते रसायन पत्र ज्याला जायचं त्याच्याकडं. आपलं पेन इथंच मार खातं. जांभळा दिवा काय, नोटा तपासायला प्रत्येक गल्ल्याजवळ असतोय.

"मग हेर चांगले का वाईट?" नातवानं विचारलं. हेलचा पुतळा आज सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयात आहे. त्याच सीआयएनं वीसेक वर्षं आपल्याच नागरिकांची परदेशी टपालातली पत्रं चोरून उघडली. 1975 साली चर्च नावाच्या सिनेटरच्या चौकशी समितीनं ते खणून काढलं. पाकिटाचा डिंक नखानं उचलल्याची खूण मला आजही लांबून कळते, त्यामुळं हे वाचून पोटात ढवळलं. आपल्याकडं 1898 च्या टपाल कायद्यातच सरकारला टपाल अडवायची मुभा होती. 1986 साली ती आणखी वाढवणारं विधेयक संसदेनं मंजूर केलं, पण राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांनी सही केली नाही. 2023 च्या नव्या कायद्यातही मुभा आहेच.

मी म्हटलं, शत्रूच्या छावणीत शिरणारा हेर चालतो बाळा, गल्लीतल्यांची पाकिटं वाफेवर धरणारा नको.

"आणि आजीनं वाचलं ते?"

तुपाचं प्रमाण मात्र त्या दिवसापासून वाढलंय.

पेनाला 5 पैकी 2. घेणार असाल तर दुकानातच दिवा लावून बघा, आणि लिहिताना कागदाखाली काच ठेवा.