अँकी अ‍ॅप: लर्निंग स्टेप ३० मिनिटांची केली आणि कांजी टिकायला लागल्या

पुण्यात जपानी एन-फोरचा (जपानी परीक्षेची एक पातळी) क्लास चालू आहे माझा, कांजी म्हणजे जपानीतली चित्रलिपीची अक्षरं, ती पाठ करायला दीड वर्ष अँकी हे फ्लॅशकार्डांचं अ‍ॅपच वापरतेय. अँड्रॉइडवर आणि कम्प्युटरवर फुकट, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. अ‍ॅप मला मनापासून आवडतं, पण क्लासमध्ये सगळे दिवसाला नवीन कार्डं किती घेतो यावरच बोलतात, लर्निंग स्टेप्सचं, म्हणजे नवीन कार्ड किती वेळाने परत दाखवायचं त्या सेटिंगचं, नाव कोणी काढत नाही.

मुळात स्टेप्स १ मिनिट आणि १० मिनिटं अशा असतात. नवीन कार्डावर अगेन (आठवलं नाही) दाबलं तर ते १ मिनिटाने येतं, गुड (आठवलं) दाबलं तर १० मिनिटांनी, आणि परत गुड की उद्यावर. आता १ मिनिटात उत्तर अजून तोंडातच असतं हो, आठवायला लागतंच कुठे! मात्सु म्हणजे वाट बघणं, मोत्सु म्हणजे हातात धरणं, दोन्ही कांजींची उजवी बाजू सेम टू सेम, फरक फक्त डावीकडे. रात्री दोन्ही फटाफट यायच्या आणि सकाळी अदलाबदल.

मग १५ मिनिटांची स्टेप केली तरी तेच. खूप दिवसांनी कळलं की सेटिंग्जमध्ये लर्न अहेड लिमिट म्हणून वेगळंच काहीतरी आहे, ते २० मिनिटांवर असतं, म्हणजे बाकीची कार्डं संपली की पुढच्या २० मिनिटांतली कार्डं अँकी न थांबता लगेच समोर आणतं, मग तुम्ही १० लिहा नाहीतर १५. म्हणून आता एकच स्टेप ठेवलीय, ३० मिनिटं. डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, संपला की भाजी चिरून, कणीक मळून येते आणि मग परत उघडते, तेव्हा खरंच डोक्याला ताण द्यावा लागतो आणि तोच हवा असतो. रिलर्निंगलाही, म्हणजे विसरलेल्या जुन्या कार्डांच्या स्टेपलाही, ३०च.

पण एकच स्टेप असेल तर पहिल्याच गुडला कार्ड स्टेपमधून बाहेर पडतं, त्यामुळे नवीन कांजी येत नसेल तर सरळ अगेन दाबा. हार्ड नको! हार्ड म्हणजे आठवलं पण त्रास झाला. शिवाय ३०च्या स्टेपवर हार्ड दाबलं की कार्ड ४५ मिनिटांनी येतं, म्हणजे न आलेलं कार्ड अजूनच उशिरा.

२०२३ च्या शेवटी आलेलं एफएसआरएस, म्हणजे कार्ड पुढे किती दिवसांनी दाखवायचं ते ठरवणारं गणित, चालू केलं असेल तर १ दिवस, ३ दिवस असल्या जुन्या सल्ल्यातल्या स्टेप्स काढून टाका, दिवसांचं गणित त्याचं त्याला करू द्या. रिटेन्शन, म्हणजे किती टक्के कार्डं आठवायला हवीत ते, मी ९० टक्केच ठेवलंय.

साडेचार स्टार. अर्धा कापला कारण ते लर्न अहेड लिमिट स्टेप्सच्या शेजारीच दिसायला हवं होतं. आणि रात्री उशिरा एकदाच बसणाऱ्यांना ३० मिनिटं थांबणं जमणार नाही, त्यांनी १०च ठेवा आणि दिवसाची नवीन कार्डं २० वरून १२ वर आणा.