उजवीकडचे दोन टायर आणि माझे ५८,००० रुपये

रोजच्या वापरासाठी आणि हौशी ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावर कोन, म्हणजे शंकू, मांडून त्यांमधून गाडी वेगाने काढण्याच्या स्पर्धेसाठी) एकच संच घ्यावा, या विचाराने मऊ रबराचे परदेशी टायर शोधणाऱ्या प्रत्येकाने पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. मी मे २०२४ मध्ये पुण्यात अशा चार टायरसाठी ५८,००० रुपये मोजले. त्यांपैकी दोन खरोखर नवे होते आणि उरलेले दोन सात वर्षांचे, झिजलेले आणि कटिंग मारून (झिजलेल्या खाचा तापलेल्या पात्याने पुन्हा खोल कापून) काळ्या पॉलिशने चमकवलेले होते. चारही जुने असते तर माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आले असते. दोन खरे आणि दोन खोटे दिल्यामुळेच ही लबाडी सात आठवडे झाकली गेली. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण टायरच्या बाबतीत मी अडाणी नाही, आणि घरी तर मी किंमत ४०,००० रुपयेच सांगितली होती.

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय आहे. तिच्यावर १८५/६० आर १५ मापाचे टायर होते. कोनांमधून गाडी काढताना ते कडेवर लोळत आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गरम होऊन पकड सोडत, म्हणून मी १९५/५५ आर १५ हे माप ठरवले. या मापाचा व्यास मूळ टायरपेक्षा जेमतेम साडेसात मिलिमीटरने कमी भरतो, त्यामुळे स्पीडोमीटरमध्ये फारसा फरक पडत नाही. ट्रेडवेअर म्हणजे टायर किती टिकेल हे दाखवणारा आकडा; तो जितका लहान, तितके रबर साधारणपणे मऊ. ट्रेडवेअर २०० घेण्याचे कारण जाणकारांना सांगायला नको. अमेरिकेतील एससीसीए या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गासाठी किमान २०० ट्रेडवेअरची अट आहे, आणि ती पाळूनही जास्तीत जास्त पकड देणारे टायर बनवण्याची स्पर्धा कंपन्यांमध्ये लागलेली असते. हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० सारखे नसतात. तरीही साध्या टूरिंग टायरच्या ४०० किंवा त्याहून मोठ्या आकड्याच्या तुलनेत हे रबर किती मऊ असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. असा टायर रस्त्यावर लवकर झिजतो, त्याच्या खाचा मुळातच उथळ असतात आणि मुसळधार पावसात तो पाण्यावर तरंगण्याची शक्यता अधिक असते. हे सारे मी स्वीकारलेले होते.

अडचण मिळण्याची होती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. तेव्हापासून आपल्याकडे असे टायर अधिकृत दुकानांत क्वचितच दिसतात आणि जे मिळते ते ‘ओळखीतून’ मिळते. या टंचाईवरच असे टायर विकणारी मंडळी जगतात. मलाही एका ओळखीच्या माणसाकडूनच शहराच्या पूर्वेकडील एका दुकानाचा नंबर मिळाला. दुकानदाराने फोनवर तापमान, हवेचा दाब, टायरच्या खांद्याची (कडेची) झीज अशा विषयांवर इतके व्यवस्थित बोलणे केले, की हा माणूस आपल्यापैकीच आहे असे मला वाटले. चार टायरचे ६२,००० रुपये, माझे जुने चार टायर घेऊन ४,००० वजा, म्हणजे ५८,००० असा भाव ठरला. ९ मे रोजी २०,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले. २५ मे रोजी टायर बसवले त्या दिवशी १८,००० यूपीआयने, २०,००० रोख आणि फिटिंग, बॅलन्सिंग व अलाइनमेंटचे २,२०० वेगळे दिले. पक्के बिल मागितले तेव्हा त्याने सांगितले की तेव्हाच्या दराने वर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागेल, म्हणजे आणखी १६,२४० रुपये. मी कच्च्या पावतीवर समाधान मानले. त्या कागदावर ‘टायर ४ नग’ एवढेच लिहिले होते. ना कंपनी, ना माप, ना शिक्का. पक्के बिल न घेणे ही माझीच चूक आहे हे मी मान्य करतो, परंतु आपल्यापैकी किती जणांनी गाडीच्या सामानासाठी कधीच कच्ची पावती घेतलेली नाही, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे. दुकानाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहिणे नियमाने बंधनकारक आहे. त्या पाटीवर तो नव्हता, आणि मी वर पाहिलेसुद्धा नाही.

आता त्या क्षणाबद्दल सांगतो, कारण तो माझ्या डोक्यातून जात नाही. चार टायर दोन चळतींत ठेवलेले होते. पहिल्या चळतीतल्या वरच्या टायरवर मी तारखेचे चार आकडे वाचले: ०६२४, म्हणजे २०२४ सालचा सहावा आठवडा. त्याच्या ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, साच्यातून निघालेले रबराचे बारीक केस होते आणि रंगीत रेघा होत्या. दुसऱ्या चळतीवरील टायरवर मी हात फिरवला, तेव्हा तो गुळगुळीत लागला, एकही केस हाताला लागला नाही आणि तळवा काळा, तेलकट झाला. मी विचारले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला, “पॉलिश मारलंय साहेब, गोडाऊनमध्ये धूळ बसते ना.” नव्या टायरला पॉलिश कशाला लागते, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही. त्याच वेळी दुकानदाराने “सर, चहा घ्या, तोवर पोरं चढवतात,” असे म्हणून मला आत बोलावले, आणि मी हात पुसून आत गेलो. घरी कपाटात खाचांची खोली मोजण्याचे गेज होते. ते मी बरोबर नेले नव्हते.

बाहेर आलो तेव्हा चारही टायर चढलेले होते. डाव्या बाजूच्या दोन्हींवर ०६२४ स्पष्ट दिसत होते, उजव्या बाजूला तारीख कुठेच नव्हती. मी विचारले. दुकानदार शांतपणे म्हणाला, “सर, हा डिरेक्शनल टायर आहे. तारीख एकाच अंगाला असते, उजवीकडे ते अंग आत जातं.” या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. फिरण्याची दिशा ठरलेला टायर गाडीच्या दोन बाजूंना उलटसुलट अंगाने बसतो, आणि तारखेसह संपूर्ण डॉट क्रमांक (टायर कुठे आणि कधी बनला हे सांगणारा सांकेतिक क्रमांक) टायरच्या एकाच अंगावर असणे नियमाला पुरेसे असते. मला हे आधीपासून ठाऊक होते, म्हणूनच मी मान डोलावली. कमी जाणणाऱ्या माणसाने कदाचित हट्ट धरून गाडी जॅकवर घेऊन आतली बाजू दाखवायला लावली असती. माझ्या माहितीचाच उपयोग करून त्याने मला गप्प बसवले, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. आयएसआयच्या खुणेबद्दलही मी विचारले होते. “जपानच्या मालावर ती नसते,” हे त्याचे उत्तर मात्र धडधडीत खोटे होते, कारण मोटारीच्या टायरला आयएस १५६३३ प्रमाणे आयएसआय खूण सक्तीची आहे आणि ती परदेशी मालालाही लागू आहे. ज्या टायरवर ही खूण नाही, तो कितीही चांगला असला तरी विकत घेऊ नका; पुढे भांडण झाले तर तुमचाच माल बेकायदा ठरतो.

रविवारी, ९ जून रोजी, डांबरी मैदानावर कोन मांडून होणाऱ्या एका हौशी ऑटोक्रॉसमध्ये मी भाग घेतला. प्रवेश फी ३,५०० रुपये होती. पहिल्याच फेरीत जाणवले की उजव्या वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी वळते आणि डाव्या वळणावर नाक बाहेर टाकते. डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या बाजूच्या टायरवर येतो, हे शाळकरी मुलालाही कळेल. वळणात टायर कडेवर किती झुकतो हे कळावे म्हणून मी टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारलेल्या होत्या. डावीकडच्या रेघा कडेवरच्या त्रिकोणी खुणेपर्यंत पुसल्या गेल्या होत्या आणि उजवीकडच्या जवळपास तशाच शाबूत होत्या. मी त्याचा अर्थ असा लावला की उजवीकडे हवा जास्त आहे, आणि दाब ३६ वरून ३२ वर आणला. अलाइनमेंटवर संशय घेतला, स्वतःच्या स्टीअरिंगवर संशय घेतला, संध्याकाळपर्यंत एका ओळखीच्या चालकाशी डाव्या वळणातल्या ब्रेकिंगवर चर्चा केली. टायरवर संशय घेतला नाही, कारण ते नवे होते. एकाच गाडीच्या दोन बाजू एवढ्या वेगळ्या वागत असतील तर सर्वांत आधी चाके काढून आतून पाहा. दाबाशी खेळत बसू नका.

१४ जुलैला, पाऊस लागलेला असताना, कात्रज घाट उतरून घरी परतताना उजवे मागचे चाक बसले. पंक्चर काढणाऱ्या काकांनी टायर रिमवरून उतरवला, आतून हात फिरवला, मग खाचेत नख घातले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “साहेब, हा टायर नवा नाही. याला कटिंग मारलंय.” त्यांनी मला जवळ बोलावून दाखवले. झीज दाखवणाऱ्या ज्या छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर असतात, त्या मधल्या दोन खाचांत नव्हत्याच. कटिंगच्या तापलेल्या पात्याने त्या कापून नेल्या होत्या. आतल्या खांद्याजवळच्या खाचेत रबर इतके पातळ झाले होते की खालच्या धाग्यांची पिवळसर जाळी दिसत होती. आणि आतल्या अंगावर, जिथे मी कधी पाहिले नव्हते, तिथे तारीख होती: ३११७, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. पुढच्या चाकावरही तीच. रबराची कठीणता मोजणारे साधन मी नंतर एका मित्राकडून आणले; डावे टायर ६२ दाखवत होते, उजवे ७८. या टायरवर मी माझ्या कुटुंबाला बसवून ओल्या घाटातून आणले होते. रक्कम गेली ती गेली, पण या गोष्टीसाठी त्या माणसाला मी कधीही क्षमा करणार नाही. आणि माझे जुने चार टायर, जे त्याने ४,००० रुपयांना ठेवून घेतले, ते आज कटिंग मारून कोणाच्या गाडीवर फिरत असतील, हा विचारही सुटत नाही.

दुकानदाराने पहिल्या फोनला “घेऊन या, बघू” म्हटले, दुसऱ्या फोनला “टायर आमच्याकडचे कशावरून?” म्हटले, आणि तिसऱ्यापासून नंबर ब्लॉक केला. त्यानंतर सरकारी दारांची फेरी सुरू झाली. माझ्या घराजवळच्या पोलीस ठाण्याने सांगितले की दुकान आमच्या हद्दीत नाही. दुकानाच्या हद्दीतल्या ठाण्याने सांगितले की यूपीआयचे पैसे तुमच्या घरातून गेले, तेव्हा तिकडे जा. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे मी छापील कागदासह दाखवले. तो कागद न वाचताच परत दिला गेला. नवे फौजदारी कायदे त्याच जुलैपासून लागू झाले होते, म्हणून मग कायदा नवा की जुना यावर पाऊण तास गेला. व्यवहार मे महिन्यातला असल्याने गुन्ह्याला भारतीय दंड संहितेचे कलम ४२० लागू होते आणि तक्रार जुलैमधली असल्याने प्रक्रिया नव्या संहितेने होते, एवढी सरळ गोष्ट मला, एका सामान्य नोकरदाराला, टेबलापलीकडच्या माणसाला समजावून सांगावी लागली. शेवटी “हे दिवाणी स्वरूपाचे आहे” असा शेरा मारून साधा अर्ज घेतला, आणि पोचीसाठी मला आणखी दोनदा जावे लागले. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे, त्यामुळे तो उलटवता येत नाही. कराच्या कार्यालयात बिनबिलाच्या विक्रीची तक्रार द्यायला गेलो, तर दुकानाचा जीएसटी क्रमांक विचारला. तो नसणे हीच माझी तक्रार आहे, हे सांगूनही तो रकाना रिकामा असल्याने अर्ज स्वीकारला गेला नाही. वाहनांशी संबंधित कार्यालयात एका साहेबांनी विचारले, “रेसिंग करायला कोणी सांगितलं होतं?” मी फसवला गेलो होतो, आणि प्रत्येक खुर्चीसमोर मलाच माझा निर्दोषपणा सिद्ध करावा लागत होता. चार कार्यालये, अकरा फेऱ्या, कामावरच्या पाच रजा, आणि एकाही माणसाने त्या दुकानापर्यंत चालत जाण्याची तसदी घेतली नाही. ते दुकान आजही उघडे आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि व्यवहारात वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पक्के बिल नसले तरी यूपीआयच्या नोंदी आणि मोबाईलवरचे संदेश चालतात, पण त्यांच्या छापील प्रतींना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मी ते सुरुवातीला जोडले नव्हते आणि त्यामुळे एक तारीख वाया गेली. रोख दिलेल्या २०,००० रुपयांचा माझ्याकडे कोणताही पुरावा नाही, त्यामुळे ते बहुधा बुडालेच. दुकानदाराचे संदेश पुसू नका, रागाच्या भरात शिवीगाळ लिहू नका, आणि टायर चढवण्याआधी चारही टायरची दोन्ही अंगे, तारखेसह, दुकानाची पाटी चौकटीत येईल अशा तऱ्हेने फोटोत घ्या. दुकानदाराने नाही म्हटले तर तिथूनच परत फिरा.

गाडीला आता भारतीय बनावटीचे, आयएसआय खुणेचे, पक्क्या बिलाचे चार टायर आहेत, ३१,२०० रुपये. फिटिंगसह पहिले ६०,२०० आणि हे मिळून दोन महिन्यांत ९१,४०० रुपये फक्त टायरवर गेले. या टायरवर मी कोनांमधून पूर्वीपेक्षा हळू जातो, पण दोन्ही बाजूंना सारखाच वळतो. ते दोन खोटे आणि दोन खरे टायर पुरावा म्हणून गॅलरीत ताडपत्रीखाली ठेवले आहेत, कारण निकाल लागेपर्यंत ते विकता येत नाहीत आणि टाकताही येत नाहीत. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतून, बिनबिलाचे, डिरेक्शनल टायर घेतले असतील, त्यांनी आजच जॅक लावून उजवी चाके काढावीत आणि आतल्या अंगावरचे चार आकडे वाचावेत.